वांग शिश्यांग यांनी चाळीस वर्षं जमवलेलं फर्निचर का देऊन टाकलं?

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांकडे वाड्यातून निघालेलं लाकडी सामान, अडकित्ते, पानदानं, समया असा बराच संग्रह साठला आहे. बीजिंगच्या वांग शिश्यांग यांच्याबद्दल त्यांनी कुठेतरी वाचलं: आयुष्यभर जमवलेलं मिंग घाटाचं (म्हणजे चीनच्या मिंग राजवटीतल्या शैलीचं) फर्निचर या माणसाने संग्रहालयाच्या हवाली केलं आणि घरी एक स्टूलही ठेवलं नाही. हे त्यांना जमलं कसं, आणि मुळात हे गृहस्थ विद्वान होते की संग्राहक, असं त्यांना विचारायचं आहे.

मी गेली सत्तावीस वर्षं जुन्या लाकडी वस्तूंच्या दुरुस्तीचं काम करतो. चिनी मला वाचता येत नाही. वांग यांची फर्निचरवरची पुस्तकं इंग्रजीत आली, ती वाचली. त्यांतल्या एकाची माझी प्रत सरसाच्या डागांनी भरली आहे, कारण ते पुस्तक कपाटात कमी आणि कामाच्या टेबलावर जास्त असतं.

विद्वान की संग्राहक, तर दोन्ही नंतर. आधी ते नादिष्ट होते.

जन्म १९१४ चा, बीजिंगचा. वडील परराष्ट्र खात्यात. आई चिन चांग ही मासे आणि पाणवनस्पती रंगवण्यात नाव मिळवलेली चित्रकार. एक मामा चित्रकार, दुसरा बांबूवर कोरीवकाम करणारा. पोराला अमेरिकन शाळेत घातलं, त्यामुळे इंग्रजी फर्डं. पण लक्ष सगळं कबुतरं, रातकिडे, ससाणे आणि शिकारी कुत्र्यांकडे. येनचिंग विद्यापीठात गेल्यावरही त्यात खंड नाही. बीजिंगचे शौकीन हिवाळ्यात गाणारे किडे भोपळ्याच्या डबीत घालून कोटाच्या आत छातीशी धरतात. अंगाच्या उबेने किडा जगतो आणि मजेत गातो. वांग यांचा किडा नेमका इतिहासाच्या तासाला गायला लागला आणि प्राध्यापकांनी किड्यासकट मालकाला वर्गाबाहेर काढलं. ही गोष्ट म्हातारपणी त्यांनी स्वतःच हसत हसत लिहून ठेवली आहे.

किड्याचा नाद म्हटला की डबी आली, आणि खरी गंमत त्या डबीत आहे. ती नुसता भोपळा सुकवून होत नाही. वेलीवर फळ कोवळं असतानाच त्यावर मातीचा साचा चढवतात. साच्याच्या आतल्या अंगाला नक्षी कोरलेली असते. फळ वाढत जातं, साच्याला दाटतं आणि नक्षी त्याच्या सालीवर उमटते. वाळल्यावर साचा फोडायचा. फळ साच्यात पुरतं भरलं नाही तर नक्षी अर्धवट, जास्त फुगलं तर साचाच तडकणार. शंभरातली किती हाताला लागतील याचा भरवसा नाही. छिंग बादशहांच्या बागेत ही फळं मुद्दाम पिकवली जायची. वांग यांनी विद्यार्थिदशेत स्वतः साचे करून हा प्रयोग केला आणि नक्षीचा भोपळा पिकवून दाखवला. आपल्याकडे मिरजेच्या सतारीला पंढरपूरकडचा भोपळा लागतो. तो कोणत्या आकाराचा हवा हे करणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं, पण वाढवताना त्याला साच्यात कोंबायचं मात्र आपल्या कुणाला सुचलं नाही.

कबुतरांचंही तसंच. बीजिंगमध्ये कबुतराच्या शेपटीला शिट्टी बांधतात. मधली चार पिसं बुडाशी दोऱ्याने एकत्र शिवायची आणि त्यात शिट्टीचा पाय खोवायचा. शिट्टी बांबूच्या नळ्यांची किंवा छोट्या भोपळ्याची, इतकी हलकी की पाखराला ओझं होऊ नये. थवा वर घिरट्या घालायला लागला की वारा शिट्टीत शिरतो आणि गल्लीभर सूर घुमतो. करणारा कारागीर शिट्टीवर आपलं एक अक्षर कोरतो. कुठलं अक्षर कुणाचं, कुणाच्या हातची शिट्टी कशी वाजते, खोटी सही कशी ओळखायची, हे सगळं वांग यांना तोंडपाठ होतं. शिट्ट्यांवरचं त्यांचं पुस्तक १९८९ साली आलं, म्हणजे पंचाहत्तरीत. तोवर त्या अक्षरांचा हिशेब सांगू शकणारे फार थोडे उरले होते.

आता हा छंदीफंदी मुलगा विद्वान कधी झाला? आई १९३९ मध्ये गेली आणि त्या धक्क्याने ते अभ्यासाला लागले, असं ते सांगत. १९४१ मध्ये एमए झालं. मग युद्धाच्या धामधुमीत बीजिंग सोडून ते सिचुआनमधल्या लीच्वांग या नदीकाठच्या गावी पोचले. तिथल्या एका नामांकित संशोधन संस्थेच्या प्रमुखांनी, येनचिंगच्या पदवीधरांची इथे लायकी नाही, असं तोंडावर सांगून त्यांना परत पाठवलं. शेवटी १९४३ मध्ये वास्तुकलेचे अभ्यासक लिआंग सिचंग यांनी त्यांना आपल्या मंडळात घेतलं. हे मंडळ देवळांची आणि वाड्यांची मोजमापं काढत असे आणि जुन्या बांधकामाच्या पोथ्या लावत असे. पोथीतले शब्द पंडितांना कळेनात, म्हणून हे लोक सुतार-गवंड्यांना विचारून अर्थ लावायचे. वांग यांना पुढच्या आयुष्याची शिदोरी इथे मिळाली. आपण मोठ्या बांधकामाचा अर्थ सुताराकडून लावतो, तर मग खुर्चीचा का नाही?

मधली काही वर्षं भराभर सांगतो. युद्ध संपल्यावर लुटल्या गेलेल्या कलावस्तू परत मिळवण्याच्या सरकारी कामावर ते होते. कांस्यपात्रं आणि चिनी मातीची भांडी त्यांनी शोधून काढली आणि जपानहून दुर्मीळ ग्रंथांच्या १०६ पेट्या परत आणल्या. त्यानंतर राजवाडा संग्रहालयात नोकरी, रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशांवर अमेरिका-कॅनडातली संग्रहालयं पाहण्याचा दौरा, आणि १९४९ मध्ये परत. तिथे राहता आलं असतं, राहिले नाहीत. १९५२ मध्ये भ्रष्टाचारविरोधी मोहिमेत, खजिना परत आणणाऱ्या या माणसावरच खजिना चोरल्याचा आळ आला. दहा महिने कोठडी, तिथे क्षय जडला. काहीच सापडलं नाही म्हणून सोडलं, आणि वर नोकरीवरूनही काढलं. १९५७ मध्ये 'उजवे', म्हणजे कम्युनिस्ट पक्षाचे विरोधक, असा शिक्का बसला. या अपमानावर ते फार बोलत नसत, म्हणून मीही रेंगाळत नाही. पण त्यांची सगळी मोठी कामं या शिक्क्याखाली बसून झालेली आहेत, हे ध्यानात असू द्या.

पहिलं मोठं काम लाखेवरचं. इथे आपल्याकडे हमखास घोटाळा होतो. सावंतवाडीची लाख ही किड्यापासून मिळते. चिनी लाख म्हणजे झाडाचा चीक. ते झाड आंबा, काजू आणि बिबा यांच्याच कुळातलं. बिबा उतलेला माणूस तुम्ही पाहिला असेल तर चिनी लाखेचं काम शिकणाऱ्याची पहिले काही महिने काय अवस्था होते ते वेगळं सांगायला नको. आणखी एक उलटा प्रकार: ही लाख उन्हात वाळत नाही. तिला दमट, उबदार, बंद खोली लागते. पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा थर. कोरीव लाखेला असे कित्येक डझन थर लागतात.

या कलेवर चीनमध्ये जुना ग्रंथ एकच टिकला: सोळाव्या शतकातल्या ह्वांग चंग या कारागिराचा, त्यावर १६२५ मध्ये दुसऱ्या एका कारागिराने लिहिलेल्या टिपांसह. हस्तलिखित उरलं होतं तेही जपानमध्ये. ग्रंथ सूत्रासारखा आखूड आणि कोड्यासारखा. नुसता कोश घेऊन बसलं तर हाताला काही लागत नाही. वांग यांनी तो उलगडण्यासाठी द्वो बाओचन नावाच्या म्हाताऱ्या लाखकारागिराला गुरू केलं, त्याच्याकडून एकेक पद्धत समजून घेतली, जुन्या वस्तू हातात धरून सूत्रांशी ताडून पाहिल्या. १९५८ मध्ये ती टीका स्वतःच्या खर्चाने चक्रमुद्रित करून त्यांनी वाटली, कारण शिक्का बसलेल्या माणसाचं पुस्तक छापणार कोण? ती रीतसर छापून यायला १९८३ उजाडलं.

आता फर्निचर. १९५०च्या सुमारास बीजिंगमध्ये जुन्या खुर्च्या-टेबलांना किंमत नव्हती. उत्तम लाकडाचं सामान तोडून त्याच्या तराजूच्या दांड्या आणि वाद्यांचे भाग होत होते. वांग सायकलला मागे दणकट कॅरिअर लावून गावोगाव हिंडत, दोऱ्या आणि जुनी पांघरुणं बरोबर. १९५७ मध्ये त्यांनी एका नियतकालिकात, हे वाचवा, म्हणून जाहीर हाकही दिली.

त्यांची स्टुलांची गोष्ट मी प्रत्येक नव्या कारागिराला सांगतो. बीजिंगजवळ थोंगचौला एका म्हातारीच्या घरी त्यांना ह्वांगह्वाली लाकडाच्या स्टुलांची जोडी दिसली. म्हातारी म्हणाली, मुलाला २० युआन हवेत, भंगारवाला १५ देत होता. वांग यांनी २० काढून पुढे केले. म्हातारी म्हणाली, तरी मुलगा येईपर्यंत थांबा, नाहीतर तो माझ्यावर चिडेल. संध्याकाळ होत आली, मुलाचा पत्ता नाही, म्हणून हे सायकलवरून घरी परतले. दोन दिवसांनी बीजिंगमध्येच एका दुकानाच्या दारात तोच भंगारवाला त्या स्टुलांवर बसलेला. किती? ४०. घेतली! पण खिशात पाकीट नाही आणि विसारही दिलेला नाही. घरून पैसे घेऊन येईपर्यंत लाकडाचा धंदा करणाऱ्या दोघा भावांनी जोडी उचलली होती. भावांनी एकेक वाटून घेतलं आणि वर हात-तोंड धुण्याचं घंगाळ ठेवायला वापरायला लागले. वांग वर्षभर त्यांच्या घरी खेपा घालत राहिले, वीसेक वेळा गेले, आणि अखेर ४०० युआन मोजून जोडी आणली. म्हातारीने सांगितलेल्या किमतीच्या बरोबर वीस पट, असा हिशेब त्यांनी स्वतःच मांडला आहे.

तुम्हीही जमवता, तर या गोष्टीतली मेख तुम्हाला कळेल. कुठे दिसलं, कोण काय म्हणालं, किती मागितले, मधे कुणाच्या हातातून गेलं, हे सगळं त्यांच्याकडे नोंदलेलं. तुमच्या अडकित्त्यांपैकी किती कुठून आले ते आज तुम्हाला सांगता येईल? माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दहातल्या नऊ वस्तूंबरोबर, 'जुनी आहे', याखेरीज काहीही माहिती येत नाही.

लाकडाबद्दल दोन शब्द, कारण इथे आपला थेट संबंध आहे. ह्वांगह्वाली हे हायनान बेटावरचं झाड आपल्या शिसवाचं सख्खं चुलत भावंड, एकाच प्रजातीतलं. फक्त रंगाने पिवळसर, मधासारखं, आणि रेषा अशा की डोंगर, ढग, भुतांची तोंडं काय हवं ते दिसावं. दुसरं मानाचं लाकूड त्झुथान, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आपलं रक्तचंदन. आंध्रच्या जंगलातून चोरून तोडलेल्या ज्या ओंडक्यांच्या बातम्या आपण वाचतो, ते पुष्कळदा या लाकडाच्या चिनी हौसेपायीच निघालेले असतात.

बांधणी पाहाल तर खिळा नाही, सरस नावापुरता. सगळी मदार खाचेवर आणि तिच्यात बसणाऱ्या कुसवावर. टेबलाची फळी चौकटीला चिकटवलेली नसते. चौकटीच्या आतल्या बाजूला खोबण असते, फळीची कड तिच्यात मोकळी सरकते आणि खालून एक आडवी पट्टी तिला सपाट धरून ठेवते. बीजिंगचा हिवाळा कोरडा ठणठणीत, उन्हाळा दमट. फळी आकसते, फुगते, पण तडकत नाही. तरुणपणी मी एका जुन्या दाराची अशीच मोकळी फळी 'खुळखुळते' म्हणून गोंदाने पक्की बसवून दिली होती. पहिल्याच उन्हाळ्यात ती उभी चिरली. मालकांनी पैसे दिले नाहीत ते बरोबरच केलं. ज्याने ती फळी मुद्दाम मोकळी ठेवली होती, त्या सुताराला मी चुकीचं ठरवलं होतं.

वांग ही चूक करत नसत, कारण ते सुतारांना विचारत. बीजिंगच्या दक्षिण भागात लूबानक्वान नावाचा भाग होता. लूबान म्हणजे चिनी सुतारांचा विश्वकर्मा. तिथे फर्निचर दुरुस्त करणाऱ्यांची दुकानं होती आणि वांग तिथे तासन्‌तास बसायचे. प्रत्येक सांध्याला, पायाच्या प्रत्येक वळणाला, कडेच्या प्रत्येक गोलाईला कारागिरांचा आपला शब्द असतो: घोड्याचा खूर, सारसाच्या गुडघ्यासारखा पाय, असे. ते शब्द पोथीत नव्हते, कारण सुतार लिहीत नव्हते आणि लिहिणारे सुतारांना विचारत नव्हते. वांग यांनी त्यांचा कोशच बनवला. सांध्यांच्या आतली रचना त्यांच्या पत्नी युआन च्युआनयो यांनी चित्रांत उतरवली. सांधा सुटा केला तर कुठला भाग कशात जातो हे त्या रेषांवरून माझ्या इथल्या दहावी नापास पोरालाही कळतं. पुढे चांगल्या फर्निचरचे सोळा गुण आणि आठ दोष वांग यांनी मांडले. दोषांची यादी मला जास्त आवडते, कारण तिच्यात भिडेचा लवलेश नाही.

हे सगळं कुठे ठेवलं होतं? फांगच्यायुआन गल्लीतल्या वडिलोपार्जित घरात, जिथे सरकारने इतर बिऱ्हाडंही घुसवली होती. टेबलावर खुर्च्या, खुर्च्यांवर स्टुलं. १९७६ च्या थांगशान भूकंपानंतर छत डोक्यात पडेल म्हणून नवराबायको एका भल्यामोठ्या मिंग कपाटात झोपायचे. कवी असलेल्या शेजाऱ्याने त्यावर थट्टेचं काव्यही केलं. त्याआधी १९६६ मध्ये माओच्या सांस्कृतिक क्रांतीची धाड पडणार हे दिसताच वांग यांनी स्वतःच पुरावस्तू खात्याच्या लोकांना बोलावून सामान उचलून न्यायला लावलं. शहाणपणा केला. त्यामुळे ते फुटलं-जळलं नाही आणि बरंचसं पुढे परत मिळालं. त्यांचे मित्र, कवी आणि पुरातत्त्वज्ञ छन मंगच्या हेही फर्निचरचे पक्के शौकीन. दोघांत एखाद्या खुर्चीवरून चढाओढ चाले. छन त्याच वर्षी गेले, छळाला कंटाळून आत्महत्या. वांग यांनी १९८५ मधला आपला पहिला मोठा फर्निचर-ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. त्यात १६२ वस्तू आहेत. १९८९ मध्ये त्याहून सखोल असा दुसरा ग्रंथ आला.

तर तुमचा मूळ प्रश्न: दिलं का? १९९३ मध्ये शांघाय संग्रहालयाची नवी इमारत उभी राहत होती. हाँगकाँगच्या एका उद्योगपती कुटुंबाला वाडवडिलांच्या नावाने काही दान करायचं होतं. वांग यांनी ७९ नग बाजारभावाच्या मानाने फारच कमी रकमेत द्यायचं कबूल केलं. अट एकच: सगळं संग्रहालयात जायचं, घेणाऱ्याने एकही नग मागे ठेवायचा नाही. आणि स्वतःही ठेवला नाही. म्हणजे हे निव्वळ दान नव्हतं, पैसे घेतले होते आणि त्यांतून राहायला धड घर झालं. याचं कुणाला वावगं वाटू नये. ऐंशीच्या घरातल्या माणसाने गळक्या घरात कपाटात झोपावं अशी आपली अपेक्षा आहे का?

त्यांना हे सोडून देता आलं याचं एक कारण, माझ्या मते, हे की वस्तूंमधून जे काढून घ्यायचं होतं ते त्यांनी काढून घेतलं होतं. मोजमापं झाली, सांधे उलगडले, शब्द नोंदवले, पुस्तकं छापली. ज्याच्याकडे फक्त वस्तू असते त्याचा हात सुटत नाही.

पण एक बाजू त्यांच्या भक्तांना रुचत नाही, ती सांगतोच. त्यांच्या पुस्तकांनी फर्निचर वाचवलं तसं बाजारही पेटवला. १९८५ नंतर दलाल ते पुस्तक काखोटीला मारून खेड्यापाड्यांत शिरले. घराघरांतून सामान निघून हाँगकाँगमार्गे परदेशी गेलं, आणि पुस्तकातल्या चित्रांबरहुकूम नकली मालही तयार व्हायला लागला. हायनानवरची ती झाडं तर जवळजवळ संपलीच. याचा दोष मी त्यांना देत नाही, पण तुम्ही उद्या आपल्या अडकित्त्यांची सुंदर छायाचित्रं छापाल, तेव्हा गावांची नावं घालायची की नाही याचा विचार करा. वहीत मात्र जरूर असू द्या.

२००३ मध्ये उरलेल्या वस्तूंचा लिलाव झाला. त्यात थांग काळातली, इ.स. ७५६ चा उल्लेख असलेली एक छिन वीणा होती. १९४८ मध्ये दोघांनी पुस्तकं विकून आणि बायकोचे दागिने घालवून ती घेतलेली. युआन ती वाजवत. लिलावात तिला ८९ लाख १० हजार युआन आले. पुढच्या लिलावात, २०११ मध्ये, ती साडेअकरा कोटींवर गेली. २००३ मध्येच नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार वांग यांना मिळाला आणि त्याची रक्कम त्यांनी प्राथमिक शाळेसाठी दिली. त्याच वर्षी युआन गेल्या. वांग २००९ पर्यंत होते.

लिलावात न गेलेली एक वस्तू त्यांच्या संग्रहाच्या पुस्तकात मानाने छापलेली आहे. सांस्कृतिक क्रांतीत दोघांना वेगवेगळ्या श्रमछावण्यांत पाठवलं होतं: त्यांना हूबेई प्रांतात गुरं राखायला, पत्नीला शेकडो मैल दूर थिएनचिनजवळ. तिथून वांग यांनी त्यांना एक छोटा झाडू करून पाठवला. बांबूच्या मुळाची मूठ आणि थोड्या काड्या, बस्स. युआन यांनी त्याने कधी केर काढला नाही, जपून ठेवला. तुम्हाला ते पुस्तक मिळालं तर वीणेच्या आधी त्या झाडूचं पान काढा, आणि मुठीपाशी काड्या कशा आवळून बांधल्या आहेत ते पाहा.